जोडलेले बारा दिवस

सरकारी नोकराच्या घरी नवं वर्ष एक जानेवारीला येत नाही. सुट्ट्यांची यादी हातात पडते त्या दिवशी येतं. गुणवंता सोमकुवरच्या घरी तर अशा दोन याद्या येत. तो पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, म्हणजे केंद्र सरकारचा माणूस. त्याची बायको प्रमिला रामाकोन्याच्या उपकेंद्रात नर्सबाई, म्हणजे राज्य सरकारची. आता केंद्राला ज्या सणाचं अगत्य, त्याचं राज्याला असेलच असं नाही. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीची, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगड मारायच्या जत्रेची, स्थानिक सुट्टी जाहीर झाली, तरी टेलिफोन काही सुट्टीवर जात नाही. उलट त्या दिवशी बंदोबस्ताच्या ट्रंक कॉलांपायी गुणवंताला घोटभर पाणी प्यायची फुरसत नसे.

दोन गावांत म्हणायला अंतर फार नाही. पांढुर्ण्याहून सौंसरची बस धरायची, सौंसरहून छोट्या लाइनीची गाडी नाहीतर दुसरी बस, की आलं रामाकोना. पण नोकरीतलं अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. नर्सबाईनं मुख्यालय सोडायचं नाही, हा एक नियम. एक्स्चेंजमध्ये तीनच ऑपरेटर आणि फोन जोडायचा बोर्ड चोवीस तास चालू, हा दुसरा. गुणवंताची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, तर गुरुवारी प्रमिला लसींची पेटी घेऊन खेडोपाडी. तिचा रविवार मोकळा, तर रविवारी हा कानाला हेडफोन लावून साऱ्या तालुक्याच्या नवरा-बायकोंची गाठ घालून देत बसलेला. सुखदेव नावाचा जोडीदार ऑपरेटर मनाचा मोठा. महिन्यातून एक रविवार तो गुणवंताला देई. त्याहून जास्त मागायचं म्हणजे सुखदेवच्या लेकरांचा रविवार खायचा, म्हणून गुणवंतानं कधी मागितला नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत दोघं सलग चार दिवसांच्या वर एका छपराखाली राहिले नव्हते, आणि ते चार दिवसही लग्नाचेच. पाळणा हलला नाही म्हणून दोन्ही गावच्या बाया कुजबुजत. अर्ध्या रामाकोन्याची बाळंतपणं जिनं केली, तिलाच घरगुती औषधं सुचवायला लोक येत. अहो, नवरा-बायकोला आधी एकत्र राहायला दिवस तर द्या, मग पाळण्याचं विचारा! पण हे कोणाला सांगणार? बदलीचे अर्ज दोघांनीही दिले होते. त्यांची उत्तरं वेळेवर येत, आणि प्रत्येक उत्तरात विचार चालू असे.

दर वर्षी जानेवारीतल्या मोकळ्या रविवारी प्रमिला पांढुर्ण्याला येई. दोन्ही याद्या खाटेवर पसरायच्या आणि लाल-निळ्या पेन्सिलीनं खुणा करायच्या, हा त्यांचा रिवाज. एकालाच सुट्टी असेल तो दिवस निळा, दोघांना असेल तो लाल. लाल दिवस जोडीदारांकडून बदल्यात मिळावेत म्हणून गुणवंता वर्षभराचे सगळे निळे दिवस बोर्डावर बसून काढी. त्याचे वडील रामाजी बाहेर उन्हात बसलेले असत. ते तिथूनच विचारत, यंदा किती लाल निघाले? नऊ म्हटलं तर मान हलवत. अकरा म्हटलं तर सुनेला चहा टाकायला सांगत.

ही माणसं बौद्ध. चौदा एप्रिल दोघं एकेक रजा टाकून साजरा करत. बुद्धपौर्णिमेचं कधी जमे, कधी नाही. दसरा मात्र दोन्ही याद्यांत पक्का. त्या दिवशी हा पांढुर्ण्याहून रेल्वेनं आणि ती सौंसरवरून बसनं, अशी दोघं नागपूरला दीक्षाभूमीवर भेटत. नऊ वर्षांत हा दिवस एकदाही चुकला नव्हता.

सत्त्याऐंशीची यादी आली तेव्हा पहिल्याच नजरेत गुणवंताचं टाळकं सरकलं. दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, दोन ऑक्टोबरला आले होते. दोन लाल दिवसांचा एक झाला. महिन्याचा तो एक रविवार सोडला तर वर्षाकाठी दहा-अकरा दिवस बायकोचं तोंड पाहणाऱ्या माणसाला यातला एक गेला तर कसं वाटेल? त्यानं पेन्सिल आपटली आणि पंचांगवाल्यांपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. प्रमिला त्याच्याकडे लक्ष न देता यादीच्या तळाशी पाहत होती. मग ती बोटं मोजायला लागली.

त्या वर्षी वीस डिसेंबरला रविवार होता, सुखदेवकडून मिळणारा महिन्याचा रविवार तोच घ्यायचा. एकवीस ते तेवीस सीएल टाकायची. चोवीसला नाताळची आदली संध्याकाळ, ती दोन्ही याद्यांत ऐच्छिक, म्हणजे मागितली तर मिळणारी. पंचवीसला नाताळ. सव्वीसला शनिवार, एक सीएल. सत्तावीसला पुन्हा रविवार; गुणवंताला तिथं एक सीएल लागणार, पण एकतीसचा गुरुवार त्याच्या साप्ताहिक सुट्टीचा, म्हणून हिशेब तोच. अठ्ठावीस ते एकतीस चार सीएल. म्हणजे आठ रजांत सलग बारा दिवस पडत होते. तिनं दोनदा मोजले, त्यानं तीनदा मोजले, आणि बारा ते बाराच राहिले.

या सीएलचं नाव कागदावर मोठं गमतीचं: आकस्मिक अवकाश, म्हणजे अचानक लागणारी रजा. वर्षाला त्याला बारा, तिला तेरा. एका वेळी आठांच्या वर मिळायच्या नाहीत, आणि वापरल्या नाहीत तर एकतीस डिसेंबरला बुडायच्या. लांबची रजा वेगळी असते, पण ती मागितली तर आपल्या जागी माणूस कोण, हा प्रश्न आधी येई. एकदा विचारून झाल्यावर दोघांनी तो नाद सोडला होता. त्यामुळे डिसेंबरातल्या आकस्मिक रजा जानेवारीतच ठरवून ठेवणारं हे जोडपं जगात एकच असेल.

गुणवंतानं साँचीला जाऊ म्हटलं. स्तूप पाहू, एखादी धर्मशाळा धरू. प्रमिला नाही म्हणाली. तिला कुठंच जायचं नव्हतं. बारा दिवस सकाळी एकाच घरात उठायचं आणि बस किती वाजता आहे हे कोणी कोणाला विचारायचं नाही, एवढंच तिला हवं होतं. गुणवंताला हे आधी साधं वाटलं. मग रामाकोन्याची बस तिला घेऊन गेल्यावर तो स्टँडवरून चालत परत आला, आणि त्यालाही दुसरं काही नको झालं.

त्याच दिवसापासून तो कंजूस झाला. आठ रजा बांधून ठेवायच्या, जीव गेला तरी त्यांना हात लावायचा नाही. त्याच्या उरल्या चार, तिच्या पाच. चौदा एप्रिलला एकेक गेली. त्याच्या तीन मोकळ्या राहिल्या, तिच्या चार. चुलीवर दूध ठेवलेल्या बाईनं राहावं तसा तो त्या रजांजवळ जागत राहिला. मे महिन्यात दाढ दुखली तर लवंग धरून ड्युटी केली. मावसभावाच्या लग्नाला गेला नाही आणि मावशीचे बोल खाल्ले.

जुलैत रामाजींना ताप भरला. छातीत कफ, शुद्ध हरपल्यासारखी बडबड, घरात बाई माणूस नाही. तिसरा ऑपरेटर तेव्हा लग्नासाठी गेला होता. सुखदेवनं सांगितलं, मी दोन पाळ्या ओढतो, तू घरी थांब. गुणवंताजवळ तीन मोकळ्या रजा होत्या. त्यानं हिशेब असा केला, की आपण थांबलो तर नुसते उशाशी बसू. प्रमिला नर्स आहे, ती आली तर औषधपाणी नीट होईल. आणि आपल्या तीन राहतील, पुढं अडीअडचणीला कामी येतील. हा शेवटचा विचार त्यानं कोणाला सांगितला नाही, पण तो होता. त्यानं सौंसरच्या एक्स्चेंजला फोन लावला, आणि तिथल्या ऑपरेटरनं रामाकोन्याच्या बसवाल्याजवळ निरोप दिला.

प्रमिला दुसऱ्या दिवशी दुपारीच आली. हातात भरलेली पिशवी होती. चार दिवस तिनं सासऱ्याला इंजेक्शनं दिली, पेज पाजली, अंग पुसलं. पाचव्या दिवशी म्हातारा उठून भाकर मागायला लागला, आणि ती परत गेली. जाताना जरा ओढलेली दिसली. जागरणानं असेल, असं गुणवंताला वाटलं. तिच्या चारही मोकळ्या रजा संपल्या होत्या. बांधलेल्या आठ मात्र शाबूत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचंच समाधान होतं.

सप्टेंबरातल्या त्याच्या रविवारी तो रामाकोन्याला गेला. गुलाबबाई दाई अंगणात लसणाच्या पाकळ्या सोलत बसली होती. त्याला पाहून ती मुद्दाम उठून गेली. प्रमिला चुलीपुढे होती. भाकर तव्यावर टाकून, त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं,

"अहो, त्या आठांतली एक तोडू काय?"

"काहून?"

"असंच. एक दिवस नागपूरले जाऊन यावं म्हणते."

"दसऱ्याले चाललोच आहो ना आपण नागपूरले. एक तोडली का बारा दिवस गेलेच समज. मंग जन्मभर जोडत बस."

तो हे चिडून बोलला नाही, हसतच बोलला. तिनं भाकर उलटली.

"बरं, राहू द्या," ती म्हणाली.

नागपूरला काय काम आहे, हे त्यानं विचारलं नाही. माणसाला आयुष्यात हजार प्रश्न सुचतात आणि जो विचारायचा तो एक सुचत नाही. जेवताना दोघं नाताळची आदली संध्याकाळ या सुट्टीवर हसले. येशूची आई बाळंतीण होणार, म्हणून रामाकोन्याच्या नर्सला सुट्टी, असं ती म्हणाली. गुणवंता ते वाक्य दुसऱ्या दिवशी सुखदेवला सांगून पुन्हा हसला.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर नेहमीसारखी माणसांची दाटी होती. वंदना झाली, पुस्तकांच्या दुकानांवरून फिरून झालं, दोघांनी उभ्याउभ्या भजी खाल्ली. मग प्रमिला म्हणाली, जवळच मोठा सरकारी दवाखाना आहे, जरा पाहून येऊ. गावातल्या एका बाईच्या छातीत गाठ आहे, तिला बाहेरच्या रुग्णांच्या खिडकीवर कोणत्या दिवशी आणायचं ते विचारायचं आहे. दोघं चालत गेले. खिडकी बंद होती. दसरा, वर गांधी जयंती. आज कोण बसणार होतं? पहारेकऱ्यानं सांगितलं, सुट्टी सोडून कोणत्याही दिवशी सकाळी या. प्रमिला त्या बंद खिडकीपुढे जरा जास्तच वेळ उभी राहिली. गुणवंताला गाडीची घाई होती. त्या बाईला सांग सकाळी लवकर यायला, असं म्हणून त्यानं तिला तिथून हलवलं.

नोकरदाराची ही गोष्ट कोणी कधी बोलत नाही. ज्या दिवशी आपल्याला सुट्टी, त्या दिवशी डॉक्टरालाही सुट्टी. रविवार गेला, दसरा गेला, दिवाळी गेली, आणि दवाखान्याची खिडकी प्रत्येक लाल दिवशी बंदच राहिली. सौंसरच्या डॉक्टरसाहेबांना दाखवता आलं असतं. पण ते तिचेच वरिष्ठ, पुरुष माणूस, आणि संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या सगळ्या नर्सबायांत बातमी. तिला नागपूरच्या बाई-डॉक्टरलाच दाखवायचं होतं. त्यासाठी एक साधा, काळ्या अक्षरातला, कामाचा दिवस पाहिजे होता. तो तिच्याजवळ नव्हता असं नाही. आठ होते.

वीस डिसेंबरला दुपारच्या बसनं ती आली. गुणवंता तासभर आधीपासून स्टँडवर उभा. घराला चुना दिलेला, नवी चादर आणलेली, रामाजींची दाढी करून ठेवलेली. प्रमिला बसमधून उतरली तेव्हा लुगडं अंगावर लोंबत होतं आणि पत्र्याची पेटी तिला उचलवत नव्हती. थंडीनं अशी झाली, असं ती म्हणाली. संध्याकाळी तिनं वांग्याची भाजी केली, भाकरी केल्या. म्हातारा दोन घास जास्त जेवला. भांडी आवरून झाल्यावर तिनं गुणवंताला आतल्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं. गावातली कोणी बाई नव्हती. गाठ तिच्याच छातीत होती, आणि आता काखेतही आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते नागपूरला गेले. सोमवार होता. खिडकी उघडी होती.

बाई-डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढवले, भरती करून घेतलं. गुणवंताला बाहेर बोलावून पहिला प्रश्न विचारला, की गाठ कधीपासून आहे? त्याला ठाऊक नव्हतं. प्रमिलानं आतून उत्तर दिलं, जूनपासून. डॉक्टर बराच वेळ कागदावर लिहीत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, जूनमध्ये आणलं असतं तर मी काही करू शकले असते, आता ते फुप्फुसात गेलं आहे. नर्स असून असं कसं केलं, हे त्या अगदी हळू म्हणाल्या.

असे ते बारा दिवस गेले. पहिला घरी, अकरा वॉर्डात. सकाळी दोघं एकाच जागी उठत, ती लोखंडी खाटेवर आणि हा खाली सतरंजीवर. बस किती वाजता आहे, हे कोणी कोणाला विचारलं नाही. नाताळच्या दिवशी कोणीतरी वॉर्डात संत्री वाटून गेलं. प्रमिलानं फोड तोंडात धरली आणि म्हणाली, आपल्या सौंसरची नव्हे. एकतीस तारखेला दुपारी गुणवंता तिच्या उशाशी बसला होता. बारा दिवस तोंडात धरून ठेवलेलं त्याला आता धरवलं नाही.

"सप्टेंबरात तू इचारलं होतं मले," तो म्हणाला. "मीच नाही म्हटलं."

"इचारलं होतं. सांगितलं कुठं होतं?" ती म्हणाली. "न सांगितलेलं तुमाले कसं समजन? आन् मले का बारा दिवस नको होते?"

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"भेटले ना बारा. मोजून घ्या."

तो रडला. वॉर्डातल्या सगळ्या बायांदेखत रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

एक जानेवारीला दोघांच्याही नावावर नव्या रजा जमा झाल्या. त्या वापरायची वेळच आली नाही. सुखदेवनं गुणवंताचा लांब रजेचा अर्ज स्वतः लिहून वर पाठवला, कारणाच्या रकान्यात जे होतं ते लिहिलं, आणि नऊ वर्षांत न निघालेली रजा दोन दिवसांत मंजूर होऊन आली. सुखदेव आणि तिसऱ्यानं बारा-बारा तास बोर्ड ओढला. प्रमिलाचीही रजा सौंसरवरून तशीच आली. खरं कारण लिहिलं की माणसं सोय करतात, हे या दोघांना इतक्या उशिरा कळलं. नऊ वर्षं दोघं यादीत तारखा शोधत राहिले, माणसांना विचारायचं राहून गेलं.

जानेवारीच्या मध्याला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ती फेब्रुवारीतल्या दहा तारखेला गेली. बुधवार होता, कोणत्याच यादीत नसलेला. वीस डिसेंबरपासून धरले तर त्रेपन्न दिवस झाले. एवढे दिवस ते दोघं कधी एकत्र राहिले नव्हते.

मार्चमध्ये गुणवंता तिचं सामान आणायला रामाकोन्याला गेला. नवी नर्स अजून आली नव्हती. किल्ली गुलाबबाईजवळ होती. सामान ते काय, एक खाट, स्टोव्ह, चार भांडी, बाबासाहेबांची तसबीर, कपड्यांची वळकटी. गुलाबबाई दाराच्या चौकटीला टेकून त्याला बांधाबांध करताना पाहत राहिली. प्रमिलानं ही गोष्ट तिला एकटीलाच सांगितली होती, आणि ती तिला आता पेलवत नव्हती.

"जुलैत जाणार होती बाई नागपूरले," गुलाबबाई म्हणाली. "चार सुट्ट्या मोकळ्या हायेत म्हणे. पिशवी भरून ठेवली होती. मंग तुमचा निरोप आला, तं तेच पिशवी घेऊन पांढुर्ण्याले आली."

गुणवंता हातातली सुतळी धरून तसाच बसला. त्याला ती भरलेली पिशवी दिसली. तेव्हा त्याच्याजवळ तीन मोकळ्या रजा होत्या. त्या तिन्ही डिसेंबरात बुडून गेल्या, एकही कामी आली नाही. गुलाबबाईनं पाणी आणून पुढं ठेवलं, ते त्यानं घेतलं आणि हातातच धरून ठेवलं.

पत्र्याची पेटी पांढुर्ण्याच्याच घरी होती. इतके दिवस ती त्यानं उघडली नव्हती. त्या रात्री नाही, दोन दिवसांनी, रामाजींना जेवू घालून त्यानं ती उघडली. तळाशी सत्त्याऐंशीची यादी घडी करून ठेवली होती. मागच्या कोऱ्या बाजूला प्रमिलानं बारीक अक्षरात डिसेंबरच्या बारा तारखा एकाखाली एक लिहिल्या होत्या.

२० — येणं. वांगं, भाकर. जेवण झाल्यावर यांना सांगणं.
२१ — नागपूर. दाखवून येणं.
२२ — बाबांचे केस कापणं. गोधड्या धुणं.
२३ — सावरगावला वच्छलाबाईकडे. दोघांनी.
२४ — काही नाही.
२५ — काही नाही.

आणि तसंच खाली तीसपर्यंत, प्रत्येक तारखेपुढे काही नाही. एकतीसपुढे तिनं काही नाही एवढंही लिहिलं नव्हतं, ती जागा कोरीच.

अठ्ठ्याऐंशी साल गुणवंतानं बोर्डावर काढलं. चौदा एप्रिलला तो ड्युटीवर होता. दसऱ्याला ड्युटीवर होता. नागपूरला जाणाऱ्यांना त्यानं डोळे न उचलता जयभीम केला. सुखदेवला आता महिन्याचे चारही रविवार मिळत, आणि त्याला ते गोड लागत नव्हते. डिसेंबर आला तरी गुणवंताच्या बाराच्या बारा सीएल जशाच्या तशा होत्या. शेवटी सुखदेवनंच अर्ज लिहिला, वीस तारखेपासून, नियमात बसतात तेवढ्या आठ आणि एक ऐच्छिक, आणि सही करायला पुढं धरला. गुणवंतानं तारीख पाहिली आणि सही केली.

वीस तारखेला त्यानं वांग्याची भाजी केली. तिखट जास्त झाली, म्हाताऱ्यानं मुकाट्यानं खाल्ली. एकवीसला तो नागपूरला गेला, दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा घेतला, उघड्या खिडकीपुढची रांग पाहिली आणि परत आला. बावीसला रामाजींना उन्हात बसवून केस कापले, नखं काढली, गोधड्या धुतल्या. म्हाताऱ्यानं विचारलं, यंदा किती लाल निघाले रे? त्याचं डोकं आता असंच मागंपुढं होत होतं. गुणवंतानं अकरा सांगितले. तेवीसला जाम नदी ओलांडून सावरगावला वच्छलाबाईकडे गेला. ती प्रमिलाची लहानपणची मैत्रीण. तिनं दोन पाट मांडले, मग एक उचलून ठेवला.

चोवीसला काही नाही होतं.

सकाळी तो उशिरापर्यंत पडून राहिला. उठला, खाटेवर बसला. उन्ह दारातून आत आलं, उंबऱ्यावरून खाटेपर्यंत सरकलं. रामाजी झोपले होते. करायला काही नव्हतं आणि तेच करायचं होतं, तिनं लिहून ठेवलं होतं. त्यानं नेटानं बसून पाहिलं. ती समोर बसून तांदूळ निवडत असती, मध्येच काही बोलली असती किंवा नसती. दुपारचा एक वाजेपर्यंत तो बसला. मग उठून चप्पल घातली आणि एक्स्चेंजला गेला.

सुखदेवनं हेडफोन एका कानावरून बाजूला केला.

"काहून आला भाऊ? सुट्टी हाये ना तुही."

"काही नाही करणं एकट्यानं होऊन नाही राहिलं," गुणवंता म्हणाला.

सुखदेव खुर्ची सोडून बाजूला झाला. गुणवंतानं हेडफोन कानाला लावला. सौंसरहून कोणाला तरी पांढुर्णा पाहिजे होतं, त्यानं ते जोडून दिलं. त्याच्या उरलेल्या आठ सीएल एकतीस डिसेंबरला बुडाल्या.